हिरवा गोदीत मिळत नाही

बहारीनला, हिद्दच्या सुक्या गोदीत
मला रंगारी म्हणतात, आणि ते खोटं नाही.
जहाजाच्या पोटाला तांबडा,
त्यावर काळा, काळ्यावर पांढरे आकडे,
किती बुडालं ते सांगणारे.
आठ वर्षांत एवढा तांबडा फासला
की जयगडची खाडी दोनदा रंगवून झाली असती.

शुक्रवारी फोनवर धनिष्ठाला गोष्ट.
राक्षसाचा प्राण राक्षसात नसतो, बाळा,
तो असतो सात समुद्रांपलीकडे,
वडाच्या ढोलीत, पिंजऱ्यात, पोपटात.
ती म्हणाली, तू रंगारी ना,
मग दाखव काढून.

परातीचा एक प्लायवूड मिळाला, सिमेंटचे डाग असलेला.
कॅम्पच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या बॉयलरसूटांच्या मागे
भिंतीला टेकवून उभा केला.

राक्षस सोपा. लांब दांड्याचा रोलर,
उरलेला प्रायमर, अर्ध्या तासात खांदे झाले.
शफीकुल चहाचा कप घेऊन बघत राहिला.
आमच्याकडे पोपट नाही, म्हणाला, भुंगा असतो,
तळ्याच्या तळाशी, डबीत.
आणि मारताना रक्ताचा थेंब
जमिनीवर पडता कामा नये.
मग आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो.

तोंड जमेना.
लहानपणी मला राक्षसाचे फक्त दात दिसायचे.
आता ब्रश हनुवटीशी नेला
की तो जांभई देतो.
बिजू म्हणाला, हा तर रात्रपाळीचा माणूस.
मी दात काढलेच नाहीत.

समुद्र सात, म्हणून डबे सात,
प्रत्येकात कुठल्या तरी जहाजाचं उरलंसुरलं:
टँकरचा करडा, बकऱ्या नेणाऱ्या बोटीचा मातकट,
टगबोटीचा नारिंगी...
समुद्र कधी नारिंगी असतो का? शफीकुल.
गोष्टीत असतो. मी.

अडलं ते पोपटापाशी.
गोदीत हिरवा कुणालाच लागत नाही.
धुरांड्याचा पिवळा घेतला, पंपांचा निळा घेतला,
जुन्या हेल्मेटमध्ये घोटला,
पहिल्यांदा शेवाळ झालं, मग औषधाची बाटली,
मग, थिनरचे चार थेंब जास्त पडले तेव्हा,
पागोळीखालचं अळू.
तिथंच हात थांबवला.

पंख ओले होते आणि वारा फिरला.
दुपारी तीनला दिवे लावावे लागले एवढी धूळ.
मी प्लायवूडवर आडवा चादर धरून उभा,
चादर मला ओढतेय, मी चादरीला.
वाळू बसायची ती बसलीच, नेमकी पोपटावर.
खरवडायला पत्रा घेतला, ठेवून दिला.
बोट फिरवलं तर अंगावर काटा आल्यासारखा लागतो.

गेल्या पावसाळ्यानंतर ती पेरूवरून पडली,
डावं मनगट.
मला दोन दिवसांनी कळवलं.
ते दोन दिवस मी स्प्रेगन उजव्या हातानं चालवली,
उगाचच, डावा जड वाटत होता म्हणून.
मुकादम म्हणाला, डावखुरा आहेस ना तू?
आजवर गोष्ट सांगताना मी कधी विचारलं नव्हतं
की प्राण एवढा लांब ठेवून
राक्षस रोज करतो काय.

फोटो पाठवला. प्लायवूड विमानात चढणार नाही,
त्याचं वजन माझ्या वर्षभराच्या सामानाएवढं.
तिनं मोठा करून पाहिला, कोपरा कोपरा.
बाबा, राजपुत्र कुठंय?
विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.
म्हटलं, त्याचा व्हिसा अजून आलेला नाही.
ती हसली नाही. म्हणाली,
बरं झालं. आला की तो मान मुरगाळतो.

पिंजऱ्याला दार काढायचं राहिलंय.
कुठल्या बाजूनं, ते तिला विचारायचंय
येत्या शुक्रवारी.
चित्र आता मेसमध्ये आहे, पाण्याच्या कूलरशेजारी.
भरणारे तिथंच उभे राहतात, बाटली भरेपर्यंत,
कुणी कुणी पोपटाला बोट लावतो.
नखातला हिरवा थिनरनं निघत नाही.